बर्फाचे बूट

आत्याच्या घरात जोडा नेहमी एक नंबर मोठा घेतला जायचा. पाय वाढता आहे, वर्षभरात भरून येईल, असं आत्या दुकानदाराला सांगायची आणि तोही मान डोलवायचा. मग घरी येऊन ती जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून जोड्याच्या टोकाशी दाबून बसवायची. पाय वाढत वाढत त्या जोड्याएवढा होईतो जोड्याचा तळ गेलेला असायचा, आणि पुन्हा एक मोठा जोडा, पुन्हा एक बोळा. शाळेत मी धावायचे ती बहुतेक अनवाणीच. माझ्या मापाचा जोडा पायात असला म्हणजे कसं वाटतं, हे कॉलेजात जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचं काही वाटतही नव्हतं. आता माझी मुलगी मोबाइलवर जोडे मागवते आणि जरा बोट टेकलं तरी परत पाठवते. मी बघत असते. तिला हे सगळं सांगायचं तर कुठून सुरुवात करावी, असं होतं.

आमचं गाव बार्शीटाकळीकडचं. आम्ही चार बहिणी, मी तिसरी. गावातली शाळा चौथीपर्यंत, त्याच्या आतच आत्याने मला अकोल्याला नेलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिने नर्सचं शिक्षण घेतलं आणि सरकारी दवाखान्यात लागली. जठारपेठेत मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं तिचं घर होतं. मला नेताना ती वडिलांना म्हणाली होती, पोरगी शिकन, अन् मलेबी घरात कोणीतरी होईन. पण घरात आम्ही दोघी एकाच वेळी असण्याचा योग फार कमी यायचा. तिची सकाळची पाळी असली की मी उठायच्या आत ती गेलेली असे. दुपारची असली की मी शाळेतून यायचे तेव्हा दाराला कुलूप आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली. रात्रपाळीचा पंधरवडा आला की ती सकाळी यायची, आंघोळ करायची आणि पडद्यामागे झोपायची. तिच्या पदराला दवाखान्याचा वास यायचा, फिनेलचा आणि स्पिरिटचा, आणि अजूनही कुठे तो वास आला की मी नकळत पाय न वाजवता चालायला लागते.

ती झोपलेली असताना आवाज करायचा नाही, एवढा एकच नियम त्या घरात होता. तिने तो कधी सांगितलाही नव्हता. मी आपणच शिकले. बादली ठेवायची तर खाली फडकं घालून ठेवायची, कडी काढताना ती बोटाने धरायची, स्टोव्हला पंप मारायचा तो अंगणात नेऊन. भिंतीपलीकडे काकूंचा रेडिओ लागलेला असे, तो मी भिंतीला टेकून ऐकायचे. दुपारी रेल्वेचे डबे जोडतानाचे धक्के स्टेशनाकडून ऐकू यायचे, एकामागून एक, लांब जाणारे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, थंडीत आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. आत्या दोन्ही वेळचं एकदाच करून ताटलीखाली झाकून ठेवायची. तिच्या हाताला चव होती. फक्त ती चव मी नेहमी गार झालेली खाल्ली. तिने मला कधी मारलं नाही, कधी आवाज चढवला नाही. गावची माणसं म्हणायची, पोट्टीचं नशीब. ते खरंच होतं.

एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असेन, तिची रात्रपाळी होती आणि ती आत झोपली होती. मी अंगणातल्या दगडी पायऱ्यांवरून पाण्याची बादली घेऊन चढत होते. पाय निसटला, डावं पाऊल बाहेरच्या अंगाला मुडपलं आणि सगळा भार त्याच्यावर आला. बादली पडली नाही याचंच मला त्या वेळी समाधान वाटलं, मी ती अर्धी हवेत धरून ठेवली होती. ओरडले नाही. नंतर आत्याच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पाऊल करकचून बांधलं आणि संध्याकाळी ती कामावर जायला निघाली तेव्हा अंथरुणावर पुस्तक घेऊन बसून राहिले. तो पंधरवडा आमची गाठ सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच पडायची, तेवढा वेळ मी बसून काढला. शाळेत मोठा जोडा कामी आला. त्यात पट्टीसकट पाय मावत होता. काही आठवड्यांनी दुखणं गेलं. पावलाच्या कडेला मधोमध एक टेंगूळ राहिलं, चिंचोक्याएवढं, ते हात लावल्याशिवाय कळत नसे.

त्याच पायाने मी पुढे धावले, दोरीच्या मल्लखांबावर चढले, आणि बारावीनंतर अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेले. वसतिगृहात माझ्या खोलीत यवतमाळची सविता होती. तिला दर रविवारी भेटायला कोणी ना कोणी यायचं, चिवड्याचे डबे, धुतलेले कपडे, लहान भावंडं. रविवारी वसतिगृहाच्या आवारात नुसती माणसंच माणसं असत, झाडाखाली सतरंज्या टाकून बसलेली. मी त्या दिवशी पटांगणावर पळायला जायचे. अकोला काही फार लांब नाही. पण आत्याला रविवारीही पाळी असायची, आणि तिने यावं असं मी कधी म्हटलं नाही. सविता मनाची चांगली, मला बोलवायची, तिची आई मला आपल्या हाताने चिवडा द्यायची. त्यांच्यात बसलं की मला जास्तच एकटं वाटायचं, म्हणून मी काहीतरी निमित्त काढून उठायचे.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात कॉलेजात गढवालकडचे एक गृहस्थ आले. पूर्वी फौजेत होते, आता हिमालयातल्या एका संस्थेत स्कीइंग शिकवत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आमच्या कॉलेजातून काही मुलामुलींना हिवाळ्यात तिकडे न्यायचं ठरलं होतं. उस्तादांनी आम्हाला दोरीवर, फळीवर, एका पायावर उभं करून पाहिलं, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर निवडलेल्यांची नावं घेतली. त्यात माझं होतं, सविताचंही होतं. बर्फ मी चित्रातच पाहिलेला. पण बर्फाचं मला त्या वेळी फारसं काही नव्हतं. माझं नाव कोणीतरी मोठ्याने घेतलं होतं आणि त्या नावाने मी कुठेतरी जाणार होते, हेच मी रात्रभर घोळवत राहिले.

उस्तादांनी येताना रेल्वेतून दोन लोखंडी पेट्या आणल्या होत्या. त्यांत वापरलेले स्कीचे बूट होते. तिकडे पोचल्यावर पाय सोलून घेण्यापेक्षा इथेच माप ठरवा आणि चालायची सवय करा, असं त्यांचं म्हणणं. व्यायामशाळेच्या पत्र्याखाली, आखाड्याच्या तांबड्या मातीच्या वासात, घामाने निथळत आम्ही ते बूट घातले. बाहेरून कडक प्लास्टिक, आत वेगळा निघणारा जाड मऊ जोडा, आणि वरून लोखंडी चाप. नांगराच्या फाळासारखे जड. चाललं की फरशीवर खट् खट् वाजायचं आणि माणूस बगळ्यासारखा पुढे झुकायचा. सगळे हसत होते. मी सवयीप्रमाणे ऐसपैस जोडी उचलली, दोन मोजे चढवले आणि म्हटलं, बरोबर आहे. उस्तादांनी माझी टाच बुटात वर उचलून दाखवली. बूट जागेवर राहिला आणि टाच आत वर आली. ते म्हणाले, पाय आत हलला तर डोंगर तुझं ऐकणार नाही, बूट पायाला असा धरून असला पाहिजे जसा एक हात दुसऱ्या हाताला धरतो. त्यांनी एक मोजा काढायला लावला आणि दोन नंबर लहान जोडी दिली. उजवा पाय आत गेला आणि बसला. उभं राहिलं की बोटं टोकाला टेकायची, गुडघे वाकवले की मोकळी व्हायची. कोणी पायाला घट्ट धरून ठेवलंय असं ते वाटणं माझ्यासाठी इतकं नवं होतं की मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

डाव्यात मात्र चाप लावला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेंगूळ बरोबर प्लास्टिकच्या भिंतीला भिडलं होतं. उस्तादांनी विचारलं, लगता है? मी म्हटलं, नहीं. चार पावलं चालले. त्यांनी मला थांबवलं, बूट काढायला लावला आणि पावलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. रागावले नाहीत. म्हणाले, घरी कोणी मोठं असेल त्यांना हा पाय दाखव. असा पाय घेऊन मी तुला वर नेणार नाही. दुखऱ्या पायाचा माणूस वळताना कचरतो, आणि कचरला की पडतो.

शनिवारी मी एस.टी.ने अकोल्याला गेले. बडनेरा, मूर्तिजापूर, दोन्हीकडे कपाशी फुटलेली. वाटभर मी ठरवत होते की आत्याला फक्त बूट लहान पडतो एवढंच सांगायचं. ती सकाळची पाळी करून नुकतीच आली होती, अजून पांढऱ्या लुगड्यात होती. मी पोचले तशी ती म्हणाली, अचानक कशी? मी बुटाचं सांगितलं, उस्तादांचं सांगितलं. तिने मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली पाटावर बसली आणि माझं पाऊल मांडीवर घेतलं. तिने माझ्या पायाला हात लावल्याचं मला त्याआधीचं काही आठवत नाही. तिची बोटं कडेने पुढे गेली आणि त्या जागी थांबली. परत मागे आली, परत थांबली.

"हे कधी झालं?"

मी सांगितलं. पायऱ्या, बादली, लुगड्याची पट्टी. ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिने विचारलं, सूज किती होती, काळंनिळं झालं होतं का, टेकत होता का पाय. दवाखान्यात आलेल्या माणसाला विचारावं तसं. मी एकेक सांगत गेले, आणि सांगता सांगता मला कळलं की ही मला विचारून नाही राहिली, ही स्वतःच्या मनात काहीतरी जुळवून राहिली आहे.

"मोडलं होतं हे," ती म्हणाली. "हाड मोडलं होतं, अन् वाकडं जुळलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तवा मी लहान पोरायच्या वॉर्डात होती. रातभर लोकायच्या लेकरायचे हातपाय बांधून राहिली होती मी." आणि मग वर न बघता, "मले काहून नाही सांगतलं?"

"तू झोपली होती, आत्या."

 माझं पाऊल तिने खाली ठेवलं, अगदी हळू, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसं. उठून स्वयंपाकाकडे गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग पीठ मळल्याचा, मग भाकर थापल्याचा. मी खाटेवरच बसून होते. उठून आत जावं आणि तिला काहीतरी म्हणावं असं फार वाटत होतं, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. मधल्या भिंतीला टेकून बसले तर पलीकडून थापण्याचा आवाज थांबल्याचं कळलं, बराच वेळ थांबलेला. मग पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी आम्ही दोघी एकत्र जेवलो. भाकर तव्यावरची, गरम. 

कधी रजा न घेणाऱ्या आत्याने सोमवारी रजा टाकली. तिच्याच दवाखान्यात पायाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरून पाहिला. हाड पक्कं जुळलंय, पुन्हा मोडून नीट करण्यात अर्थ नाही, बुटाचा दाब आला नाही तर खुशाल जाऊ दे, म्हणाले. आत्याने प्लास्टरच्या खोलीतून नमद्याचा, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, एक तुकडा मागून घेतला, आपली पट्टी कापायची कात्री घेतली आणि म्हणाली, चाल, मीबी येतो. पुढच्या एस.टी.ने ती माझ्याबरोबर अमरावतीला आली. माझ्या वसतिगृहाच्या आवारात, झाडांच्या सावलीत, माझ्या माणसासोबत मी त्या दिवशी पहिल्यांदा चालले. वार सोमवार होता, आवारात कोणीच नव्हतं.

व्यायामशाळेत उस्ताद आणि आत्या बुटाच्या दोन बाजूंना बसले. आत्याचं हिंदी तिचं तिचं होतं. "हड्डी को दबना नहीं मंगता," ती म्हणाली, आणि उस्ताद म्हणाले, "बिलकुल नहीं, सिस्टर." आतला जोडा बाहेर काढून त्यांनी तो माझ्या पायात घातला, टेंगळाची जागा खडूने दाखवली. आत्याने नमद्याची चकती कापली, मधोमध भोक पाडलं, म्हणजे दाब भोवती यावा आणि हाड मोकळं राहावं. ती जोड्याला बाहेरून चिकटवली, सगळं पुन्हा बुटात घातलं, चाप लावले. आत्याने विचारलं, लागते काय? मी म्हटलं, नाही लागत.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, नाही. खरं तर लागत होतं, पहिल्यापेक्षा कमी, पण लागत होतं. मला वाटत होतं दोघंही माझ्यासाठी एवढे खपताहेत, आता आणखी कशाला. आत्याने बुटाच्या कडेवर तळहात ठेवला आणि दाबला. माझे ओठ आवळले गेले असतील.

"कुंदा, मी जागी आहो," ती म्हणाली. "सांग."

पत्रा उन्हाने तापून कडकड वाजत होता. मी खाली बघितलं. तिचे केस कानाशी पांढरे झाले होते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. "लागते," मी म्हटलं. "कुठी?" "मागच्या बाजूनं." आणि मग मला बोलायला यायला लागलं. मागून लागते, वरून नाही, वाकलं की लागते, सरळ उभं राहिलं की नाही. ती मान हलवायची, बूट काढायची, भोक जरासं मागे वाढवायची, कड तासायची, पुन्हा घालायची. उस्ताद चाप लावायचे, मला गुडघे वाकवायला लावायचे, डावीकडे, उजवीकडे. कितीदा केलं कोण जाणे. मला ते संपूच नये असं वाटत होतं. शेवटी डावा पायही उजव्यासारखा आत बसला आणि कुठेच काही टोचलं नाही. मी पुन्हा पुन्हा वाकून पाहिलं. "आता नाही लागत," मी म्हटलं, आणि या वेळी आत्याने पुन्हा विचारलं नाही.

हल्लीच्या तरुण माणसांना मी हे सांगते तेव्हा ते विचारतात, मग तुमचं दोघींचं छान जमलं असेल पुढे. तसं काही झालं नाही. बसस्थानकाबाहेर आम्ही गिला वडा खाल्ला, ती म्हणाली दही आंबट आहे, मी म्हटलं हो. गाडी लागली. तिने खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला, लगेच आत घेतला, आणि गाडी गेली. नंतरही ती तिच्या पाळ्या करत राहिली आणि मी रविवारी पळत राहिले. माणसाची सवय एका दुपारीत जात नाही. फक्त संध्याकाळी व्यायामशाळेत बूट घालून मी एकटी खट् खट् फेऱ्या मारायचे, तेव्हा कोणीतरी पाय धरून ठेवलाय असं वाटायचं, आणि मग बूट काढले की फार सुनं वाटायचं. तसं सुनं पूर्वी वाटत नसे.

जानेवारीत आम्ही वर गेलो. बर्फाबद्दल लोक पुष्कळ लिहितात. मला आठवतं ते इतकंच की तिथे कुठलाच आवाज पुढे जात नाही, बर्फ सगळं पिऊन टाकतो. पहिल्या दिवशी आम्ही सगळे पडलो, उठलो, पडलो. संध्याकाळी शेगडीभोवती बसून सगळ्यांनी बूट काढले. प्रत्येकाच्या पायाला फोड. सविताच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. एकमेकांचे पाय बघून हसणं, कण्हणं, मलम लावणं चाललं होतं, कोणी कोणाच्या मांडीवर पाय टाकलेला. माझे पाय स्वच्छ, कोरडे. मला दाखवायला काही नव्हतं. मी थोडा वेळ त्यांच्यात बसले आणि उठले. बाजारात डाकघर होतं, तिथून बाहेरगावी फोन लागायचा. तिथल्या बाकावर मी अकोल्याचा कॉल लावून बसले, दवाखान्याचा, आत्याच्या वॉर्डाचा. आत्याची दुपारची पाळी होती. काच धुक्याने भरली, बाहेर अंधारून आलं, तेव्हा कुठे नाव पुकारलं.

तिकडून बराच वेळ खरखर, मग कोणीतरी तिला हाक मारल्याचं ऐकू आलं, मग तिची घाईची पावलं.

"कोन आहे? काय झालं?"

"मी कुंदा. काही नाही झालं, आत्या."

"पाय?"

"पाय बरा आहे. जरासाबी नाही लागला."

 तिच्या मागे एखादं मूल रडत होतं. डाकघरातल्या बाईने मला बोटाने खूण केली की वेळ संपत आलीय.

"मंग फोन काहून केला?"

सांगायला मी काहीतरी ठरवून आले होते, बर्फाचं, उस्तादांचं. ते काही आलं नाही.

"मले करमत नाही," मी म्हटलं. "नुसतं इथीच नाही. कुठीच नाही करमत."

खरखर चालू राहिली. मला वाटलं लाइन गेली. मी फोन कानाला आणखी दाबून धरला.

"मलेबी नाही करमत, बाई," आत्या म्हणाली. "बोल."